पहिला ट्रॅक्टर काट्यावर येतो तेव्हा: मागणीनुसार उठणाऱ्या सर्व्हिस आणि त्यांच्या कोडची तपासणी

मागच्या व्याख्यानात मशीन चालू केल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत आत काय काय घडतं ते आपण पाहिलं. आज त्याच्या पुढचा एक भाग घेऊ: गरज पडेल तेव्हाच सुरू होणाऱ्या सर्व्हिस. आणि त्यातही आमचा भर राहील तो एका गोष्टीवर. अशा सर्व्हिसच्या कोडमध्ये कोणी बदल सुचवला, तर तो तपासायचा कसा? व्याख्यान जालन्यात आहे, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी शेती असणार, म्हणून सुरुवात विहिरीवरून करतो.

शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज चोवीस तास नसते. बरीच वर्षं आपल्याकडे चक्र असं की काही दिवस दिवसा ८ तास, काही दिवस रात्री १० तास. रात्री लाइट येणार म्हणून रोज जागं कोण राहणार? मग स्टार्टरला ऑटोस्विच बसवला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. सोय मोठीच. तरी महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. का? कारण इंडक्शन मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. माणसं आपापल्या वेळेला जाऊन बटण दाबत होती तेव्हा ही ओढ वाटली जायची. ऑटोस्विच आले आणि लाइट आल्याच्या क्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठायला लागल्या. मग डीपी जळते, आणि दुसरी येईपर्यंत सगळ्यांचंच पाणी बंद.

विहीर तळाला गेली असेल तर बटण दाबायला गेलेला माणूस आधी विहिरीत डोकावतो. ऑटोस्विच डोकावत नाही. मोटार कोरडी फिरते. म्हणून मग ड्राय रनचं संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं.

म्हणजे काय झालं? बटण दाबणारा माणूस आपण काढून टाकला. पण तो फक्त बटण दाबत नव्हता. तो पाणी बघत होता, मोटारीचा आवाज ऐकत होता, शेजाऱ्याची मोटार चालू आहे का तेही बघत होता. ही कामं कुठे लिहून ठेवलेली नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही. आज आम्ही कॉम्प्युटरमधल्या ज्या बदलाबद्दल बोलणार आहोत, त्यात नेमकं हेच होतं.

आता मूळ विषय. मशीनवर पाठीमागे चालणाऱ्या ज्या सर्व्हिस असतात, म्हणजे प्रिंटरची, रिमोट लॉगिनची, ब्लूटूथची, त्या सगळ्या बूट होतानाच सुरू केल्या तर मेमरी खातात आणि वेळही खातात. त्यातल्या कित्येक दिवसभरात एकदाही लागत नाहीत. हा प्रश्न जुना आहे. युनिक्समध्ये १९८६ साली आलेल्या ४.३ बीएसडीमध्ये आयनेटडी नावाचा एक कार्यक्रम होता. तो एकटाच अनेक पोर्टवर कान लावून बसायचा. ज्या पोर्टवर कोणी आलं, त्या पोर्टची सर्व्हिस सुरू करून तिच्या हवाली करायचा. ॲपलने २००५ मध्ये टायगर आवृत्तीत लाँचडी आणलं, त्यातही ही कल्पना होती. लिनक्सच्या जगात २०१० साली सिस्टमडी आलं आणि तिथून ही पद्धत सगळीकडे पोचली. तुम्ही लिनक्सवर आयबस वापरून मराठी टाइप करत असाल तर तिथेही याच जातीची गोष्ट चालते. मुख्य कार्यक्रम चालू असतो, पण मराठीचं इंजिन तुम्ही मराठी निवडता तेव्हाच वेगळी प्रोसेस म्हणून उठतं.

सर्व्हिस झोपलेली असेल तर दार कोणी उघडं ठेवायचं? सिस्टमडीचं उत्तर सरळ आहे: दार मी धरतो. सॉकेट नावाची एक वेगळी छोटी फाइल लिहायची, त्यात पोर्ट सांगायचा. बूट होताना सिस्टमडी स्वतः तो पोर्ट उघडतं. कोणी आलं की कर्नल त्याला रांगेत उभं करतं, सिस्टमडी सर्व्हिसला उठवतं, आणि उघडलेलं सॉकेट तिच्या हातात देतं. हातात देतं म्हणजे कसं? प्रत्येक प्रोसेसकडे ०, १ आणि २ हे तीन फाइल डिस्क्रिप्टर आधीपासून असतात. सिस्टमडी दिलेली सॉकेट ३ पासून पुढे ठेवतं. किती दिली ते लिसन_एफडीएस या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आणि कोणत्या प्रोसेससाठी दिली ते लिसन_पीआयडीमध्ये. हा दुसरा व्हेरिएबल लोक विसरतात. एन्व्हायर्नमेंट मुलांना वारशाने मिळतं. सर्व्हिसने दुसरा कार्यक्रम सुरू केला आणि त्याने पीआयडी न तपासता ३ नंबर उचलला, तर भलत्याच फाइलवर तो आपला हक्क सांगत बसेल.

एवढी यंत्रणा पुरे. आता आमची गोष्ट सांगतो, कारण चूक आमची आहे आणि ती सांगण्यासारखी आहे.

आमची छोटी टीम आहे. आम्ही जिल्ह्यातल्या काही भुईकाट्यांसाठी सॉफ्टवेअर सांभाळतो. काट्याशेजारी एक खोली, खोलीत तळहाताएवढा कॉम्प्युटर, १ जीबी मेमरी, हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड, आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्यावर आमची एक पावती सर्व्हिस चालते. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की ती पहिलं वजन घेते, पावतीला नंबर देते आणि छापते. माल उतरवून रिकामी ट्रॉली परत आली की त्याच नंबरावर दुसरं वजन चढतं, आणि दोन्हींतल्या फरकाला शेतकऱ्याचा भाव लागतो. सारा व्यवहार त्या नंबरावर उभा आहे.

२०२४ च्या सोयाबीन हंगामाआधी काटेवाल्यांची तक्रार आली की मशीन चालू केल्यावर पडदा यायला फार वेळ लागतो. आमच्या एका सहकाऱ्याने उपाय सुचवला: पावती सर्व्हिस बूटच्या वेळी सुरूच करू नये, पहिली पावती मागितली की ती उठेल, आणि दहा मिनिटं काम नसेल तर स्वतःहून झोपेल. बदल होता अडतीस ओळींचा. नवी सॉकेट फाइल, सर्व्हिस फाइलमधला बूटला सुरू करण्याचा भाग काढलेला, डिस्क्रिप्टर ३ उचलणाऱ्या डझनभर ओळी, आणि दहा मिनिटांच्या टायमरच्या काही ओळी. कोड सुबक होता. आम्ही व्हेरिएबलच्या नावांवर दोन सूचना केल्या, लिसन_पीआयडी तपासलाय का ते बघितलं, तपासला होता. 'ठीक आहे' असं लिहिलं आणि बदल घेतला.

ऑक्टोबरमध्ये एका काट्यावरून फोन आला. एका शेतकऱ्याने पावतीवरून वाद घातला होता. त्याच्या ट्रॅक्टरचं भरलेलं वजन ५,८६० किलो. रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन पावतीवर २,८३०. तो म्हणाला, "आमची ट्रॉली चोवीसशेच्या वर कधी भरत नाही. हे अठ्ठावीसशे कोणाचं आहे?" पुन्हा काट्यावर घेतलं. २,४१० भरलं. फरक ४२० किलोंचा, म्हणजे ४ क्विंटल २० किलो. त्या वर्षीचा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये धरला तरी वीस हजारांच्या वर रक्कम जाते. त्याने पकडलं म्हणून. बाकीच्यांपैकी प्रत्येकाला आपल्या ट्रॉलीचं रिकामं वजन तोंडपाठ असेल असं नाही.

शोधताना कळलं की त्या दिवशी एकाच नंबराच्या दोन पावत्या निघाल्या होत्या. दुसऱ्याच्या ट्रॉलीचं रिकामं वजन याच्या भरलेल्या वजनातून वजा झालं होतं. नंबर दोनदा का आला? पावती सर्व्हिस शेवटचा नंबर मेमरीत ठेवायची. मेमरी कार्डावर वारंवार लिहायला नको म्हणून दर दहा पावत्यांनी एकदा तो फाइलमध्ये जायचा, आणि मशीन बंद होताना सर्व्हिसला थांबण्याचा सिग्नल मिळाला की शेवटचा एकदा. दोन वर्षं हे बिनघोर चाललं. इन्व्हर्टर होता, संध्याकाळी मशीन नीट बंद केलं जायचं. आता नव्या टायमरने काय केलं? दुपारी गर्दी ओसरली, दहा मिनिटं झाली, आणि सर्व्हिस थेट बाहेर पडली. सिग्नल आलाच नाही, त्यामुळे सिग्नलवर लिहिलं जाणारं लिहिलं गेलं नाही. पुढचा ट्रॅक्टर आला, सर्व्हिस उठली, फाइलमधला जुना नंबर वाचला आणि तिथून पुढे मोजायला लागली. दिलेले नंबर पुन्हा दिले गेले.

आता ऐका. नंबर मेमरीत ठेवणारी ओळ त्या अडतीस ओळींत नव्हती. तिला कोणी हातच लावला नव्हता. आपण बदल तपासतो तेव्हा समोर काय असतं? हिरव्या ओळी, म्हणजे घातलेल्या, आणि लाल ओळी, म्हणजे काढलेल्या. डोळा तिथेच फिरतो. पण इथे जी ओळ बिघडली ती पांढरी होती. तिचे शब्द तेच राहिले, तिच्याभोवतालचं जग बदललं. 'ही सर्व्हिस सकाळी जन्मते आणि संध्याकाळी मरते' असं ती ओळ गृहीत धरून बसली होती. आम्ही तिला दिवसातून आठ वेळा जन्माला घालायला लागलो आणि तिला सांगितलंच नाही.

म्हणून मागणीनुसार उठण्याचा बदल आला की आता आम्ही डिफ बाजूला ठेवतो आणि सर्व्हिसचा अख्खा कोड उघडतो. प्रत्येक ग्लोबल व्हेरिएबलपाशी थांबतो. ही प्रोसेस आत्ता, या ओळीवर संपली तर यातलं काय हरवेल? कॅश असेल तर हरवू दे, पुन्हा भरेल. मोजणी असेल, लॉगिन झालेल्याची आठवण असेल, 'मी हे आधी पाठवलंय' अशी नोंद असेल, तर ती आधी डिस्कवर जायला हवी. हे कंटाळवाणं काम आहे. तीनशे ओळींची सर्व्हिस असेल तर दुपार जाते. अडतीस ओळींच्या बदलाला दुपार का लागली असं कोणी विचारलं, तर आमच्याकडे ४२० किलोंचा हिशोब तयार आहे. (हशा)

नंबरची दुरुस्ती काय केली? नंबर आधी फाइलमध्ये लिहायचा, एफसिंक करून तो खरंच कार्डावर गेला याची खात्री करायची, मगच छापायचा. मधे वीज गेली तर एखादा नंबर न छापता सुटेल. सुटू दे. मुनीम विचारेल की अकराशे सत्तेचाळीस कुठे गेला, त्याला सांगता येतं. अकराशे सत्तेचाळीस दोन कसे, हे सांगता येत नाही. शिवाय दुसऱ्या वजनाच्या वेळी गाडी नंबरही जुळवायला लागलो. तो आधीपासून जुळवायला हवा होता, हे खरं.

याच बदलात दुसरी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती, तिने नुकसान कमी केलं पण मनस्ताप जास्त दिला. पूर्वी प्रिंटरची केबल निघालेली असेल तर सर्व्हिस सकाळी मशीन चालू होतानाच नापास व्हायची. काटेवाला सात वाजता पडद्यावर लाल अक्षरं बघायचा, केबल खोचायचा, नाहीतर आम्हाला फोन करायचा. काट्यावर तेव्हा कोणी नसायचं. बदलानंतर सकाळी सगळं हिरवं. सॉकेट उघडं आहे, सिस्टमडी म्हणतंय तयार आहे. सर्व्हिस अजून उठलेलीच नाही, तर तिचं दुखणं कळणार कुठून? ते कळायचं पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढल्यावर, मागे रांग लागलेली असताना.

आणि तेव्हा कसं कळायचं तेही बघा. विनंती आली, सिस्टमडीने सर्व्हिस उठवली. सर्व्हिसने प्रिंटर शोधला, मिळाला नाही, ती बाहेर पडली. पण आलेलं कनेक्शन तर अजून रांगेत उभंच आहे, कोणी ते घेतलेलं नाही. सिस्टमडीला पुन्हा दिसतं की दाराशी कोणीतरी आहे. पुन्हा उठवलं, पुन्हा पडली. कोरड्या विहिरीवरची मोटार. सिस्टमडीत यावर मर्यादा आहे: मुद्दाम बदललं नसेल तर १० सेकंदांत ५ वेळा. त्यापुढे ते सर्व्हिस उठवणं थांबवतं आणि सॉकेटलाही नापास ठरवून बंद करतं. हे योग्यच आहे, मोटार जळण्यापेक्षा बरं. पण मग काटेवाल्याने केबल खोचली तरी काही होत नाही, कारण दारच बंद झालंय. कोणीतरी सॉकेट हाताने पुन्हा सुरू करावं लागतं. काटेवाल्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. तो मशीन बंद-चालू करतो, आणि रांगेतला ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो.

तुम्ही म्हणाल, हे तुमच्यासारख्या लहान टीमचं झालं. मोठ्यांकडे असं होत नसेल. उबुंटूचं उदाहरण घेऊ. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २२.१० आवृत्तीत त्यांनी रिमोट लॉगिनची एसएसएच सर्व्हिस मागणीनुसार उठणारी केली. हेतू चांगला होता. प्रत्येक मशीनवर निदान ३ एमबी मेमरी वाचते, आणि एका सर्व्हरवर शेकडो कंटेनर चालवणाऱ्याला त्याचा हिशोब लागतो. पण पोर्ट आता कोण उघडतं? सिस्टमडी. आणि लोक पोर्ट कुठे बदलतात? गेली वीस-पंचवीस वर्षं ज्या फाइलमध्ये बदलत आले तिथेच, एसएसएचच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. ती ओळ आता कोणी वाचतच नव्हतं. जुनं मशीन अपग्रेड करताना आधीची सेटिंग नव्या जागी हलवायची सोय त्यांनी केली होती. पण नंतर कोणी सवयीने जुन्या फाइलमध्ये पोर्ट बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली, तर सर्व्हिस आनंदाने सुरू व्हायची आणि २२ वरच ऐकत राहायची. चूक नाही, इशारा नाही. एखाद्याने 'फक्त आतल्या नेटवर्कवर ऐक' असं लिहिलं असेल तर तो निर्धास्त, आणि दार बाहेरच्या जगाला उघडं. २४.०४ मध्ये त्यांनी एक छोटा जनरेटर घातला, जो जुनी सेटिंग वाचून सॉकेटची व्यवस्था तयार करतो. पोर्ट बदलल्यावर डेमन-रीलोड करून सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. इथेही पाहा, सेटिंगच्या फाइलमधली ओळ पांढरीच होती.

म्हणून तपासताना आम्ही एक प्रश्न न चुकता लिहितो: या बदलाआधी पोर्ट, परवानगी, मालक कोण ठरवत होतं आणि आता कोण ठरवतं? परवानगीचं तर खास. सर्व्हिस स्वतः युनिक्स सॉकेट बनवायची तेव्हा तिच्या कोडमध्ये परवानगी आवळण्याची एक ओळ असायची. सॉकेट सिस्टमडी बनवायला लागलं की ती ओळ निरुपयोगी म्हणून काढली जाते, लाल रंगात, आणि तपासणारा मान डोलावतो. पण सिस्टमडीच्या सॉकेट फाइलमध्ये काही लिहिलं नाही तर युनिक्स सॉकेटची परवानगी ०६६६ असते, म्हणजे मशीनवरचा कोणीही वापरकर्ता त्यावर बोलू शकतो. सॉकेटमोड स्पष्ट लिहिलेला नसेल तर आम्ही बदल परत पाठवतो. उलट बाजूने एक फायदाही आहे, तोही सांगायला हवा. १०२४ च्या खालचा पोर्ट उघडण्यासाठी सर्व्हिसला रूट व्हावं लागत नाही, कारण उघडणारा वेगळा आहे. हा फायदा घेऊन सर्व्हिस साध्या वापरकर्त्याखाली चालवली नसेल, तर अर्धीच मिठाई खाल्ली.

एक्सझेडचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. ते थेट आपल्या विषयाचं नाही, शेजारचं आहे. सिस्टमडीला 'मी तयार आहे' असं कळवायला सर्व्हिस एक छोटा संदेश पाठवते. मजकूर इतकाच: रेडी=१. डेबियनसारख्या काही वितरणांनी एसएसएचमध्ये एवढ्यासाठी पॅच घातला आणि त्यासाठी सिस्टमडीची पूर्ण लायब्ररी जोडली. ती लायब्ररी आपल्यासोबत एक्सझेडची कॉम्प्रेशन लायब्ररी ओढून आणायची. त्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने तो उघड केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या किरकोळ वाटणाऱ्या शंकेच्या मागे ते लागले होते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये तो संदेश पाठवण्याचा स्वतःचा छोटा कोड आला, लायब्ररीशिवाय. आमच्या टीममध्ये आता नियम आहे की एका संदेशासाठी लायब्ररी जोडायची नाही. सिस्टमडीचे लोक स्वतः हेच सांगतात, प्रोटोकॉल साधा आहे, हाताने लिहा.

तपासणीचं प्रत्यक्ष काम आम्ही कसं करतो? वाचून झाल्यावर चालवून. सिस्टमडी-सॉकेट-ॲक्टिव्हेट नावाचं एक साधन मिळतं. ते पोर्ट उघडून बसतं आणि पहिलं कनेक्शन आलं की तुमचा कार्यक्रम उठवतं. मशीनच्या व्यवस्थेला हात न लावता लॅपटॉपवर प्रयोग करता येतो. मग आम्ही खोड्या काढतो. प्रिंटर काढून पहिली विनंती पाठवतो. सर्व्हिस झोपायच्या नेमक्या क्षणी विनंती पाठवतो. रांगेतलं कनेक्शन वाचतं, कारण रांग सिस्टमडीच्या सॉकेटवर आहे, पण सर्व्हिसने घेतलेलं आणि अजून न वाचलेलं कनेक्शन मरतं. म्हणून झोपण्याआधी हातातलं काम संपवणं बघावं लागतं. आणि ही चाचणी लॅपटॉपवर करून थांबायचं नाही, त्या छोट्या मशीनवर, मेमरी कार्डावरून करायची. लॅपटॉपवर अर्ध्या सेकंदात उठणारी सर्व्हिस तिथे आठ सेकंद घेते. विनंती पाठवणारा पाच सेकंदांत कंटाळून पुन्हा पाठवत असेल, तर सर्व्हिस उठेपर्यंत तीच मागणी दोनदा रांगेत असते. डोळे उघडले की ती दोन पावत्या छापते.

सूचना लिहिण्याबद्दल एक. 'हे कशाला केलं?' असं लिहिलं की समोरचा बचाव करायला लागतो. 'पहिला ट्रॅक्टर आला आणि प्रिंटर नसला, तर कोणाला, केव्हा कळेल?' असं लिहिलं की तो उठून बघायला जातो. तो बदल सुचवणारा आमचा सहकारी अजून टीममध्ये आहे, बरं का. बदल त्याचा होता, पण 'ठीक आहे' आम्ही लिहिलं होतं. आता बदलाच्या वर्णनात तो 'न बदललेल्या ओळी' असा एक परिच्छेद स्वतःहून लिहितो, आणि तो बहुतेक वेळा मूळ वर्णनापेक्षा लांब असतो.

आमचं मत विचाराल तर ज्याच्या उशिराची किंवा बिघाडाची किंमत रांगेत उभा असलेला माणूस मोजतो, ती सर्व्हिस झोपवू नये. पावती सर्व्हिस आम्ही पुन्हा बूटलाच सुरू करायला लावली. सॉकेट मात्र ठेवलं. त्यामुळे सर्व्हिस मधे रीस्टार्ट केली तरी आलेल्या विनंत्या रांगेत थांबतात, हरवत नाहीत. हा सॉकेटचा फायदा मेमरी वाचवण्यापेक्षा मोठा आहे आणि त्यासाठी झोपायची गरज नाही. दिवसाचा अहवाल सर्व्हरला पाठवणारी सर्व्हिस तेवढी मागणीनुसार ठेवली. ती दहा मिनिटं उशिरा उठली तर कोणाचं काही जात नाही.

आता प्रश्न घेऊ.

मागून प्रश्न आलाय की डीपी जळण्यासारखं तुमच्याकडे कधी झालं का. झालं. अहवाल पाठवायची वेळ सगळ्या काट्यांवर एकच होती, सकाळी मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांनी. एका भागातली वीज गेली आणि आली की त्या भागातली सगळी मशीन एकदम उठायची आणि एकदम सर्व्हरवर आदळायची. सिस्टमडीच्या टायमरमध्ये रँडमाइज्ड-डिले नावाची सोय आहे, प्रत्येक मशीन आपापला थोडा वेगळा उशीर ठरवते. पंधरा मिनिटांत पसरवून दिलं. गंमत म्हणजे ऑटोस्विचवाल्यांनाही हेच सुचवावंसं वाटतं, स्टार्टरला कमीजास्त उशिराचा टायमर बसवा.

आणि हा शेवटचा: मशीन चालू व्हायला वेळ लागतो या मूळ तक्रारीचं काय झालं? हे आम्ही सांगायचं टाळत होतो. (हशा) सगळं मागे घेतल्यावर एके दिवशी बूटचा वेळ नीट मोजला. पडदा पावती सर्व्हिसची वाट बघत होता, आणि पावती सर्व्हिसच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलं होतं की नेटवर्क पूर्ण जोडलं गेल्यावरच सुरू हो. नेटवर्क होतं मोबाइलच्या डोंगलवर. रेंज नसली की मशीन दोन मिनिटं त्याची वाट बघत बसायचं. पावती छापायला नेटवर्क लागतच नाही. आम्ही ती ओळ काढली.